साडीला फॉल लागेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बारा वर्षं नोकरी झाली. बेळगावात शहापूरच्या गल्लीत वडिलोपार्जित घर आहे, पुढच्या सोप्यात पूर्वी दोन माग होते, आता कुलूप असतं. परत येऊन तिथं कॅफे टाकायचं मनात आहे. नातेवाईक म्हणतात, गल्ली संपली, पैसे घालवू नकोस. चार छोट्या दुकानांनी अशी गल्ली खरंच उठते, की हे सगळं पुण्यात बसून सुचलेलं आहे?

थोडं पुण्यात बसून सुचलेलं आहे, हे आधी सांगतो. पण तुमच्या नातेवाईकांचंही पटत नाही मला. गल्ली उठते. मी उठताना बघितली आहे, आणि बसताना तर जास्तच बघितली आहे. मात्र तुम्ही ज्या दुकानाचं नाव घेताय त्या दुकानानं ती उठत नाही.

मी कोण, हे सांगायला हवं, नाहीतर हा कोण शहाणा असं वाटेल. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात मी नऊ वर्षं पिग्मी, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे, गोळा केली. मग त्याच पतसंस्थेत कर्ज विभागात बसलो आणि तिथूनच रिटायर झालो. पिग्मी ही कर्नाटकचीच चीज. उडुपीत सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केली, तेव्हा दिवसाला दोन आणे भरले तरी चालत. आमच्या वेळी दहा-वीस रुपये. रोज संध्याकाळी त्याच दारात उभं राहायचं, पैसे घ्यायचे, पुस्तकात लिहायचं. धंदा कसा चाललाय असं विचारलं की दुकानदार ‘चाललंय की’ म्हणणार. पण पन्नास भरणारा वीसवर आला, मग ‘उद्या या’ म्हणाला, मग दोन दिवसांआड आला, की आम्हाला कळायचं. त्याच्या घरात कळायच्या आधी कळायचं.

त्या पुस्तकात मला एक गोष्ट दिसली, जी नंतर कर्जाच्या फायलींत कधी दिसली नाही. गल्ली बसते तेव्हा मोठं दुकान आधी पडत नाही, त्याचं भांडवल दोन-तीन वर्षं तग धरतं. आधी पडतो तो चहावाला. एका मागावर विणणारा एक असतो, पण त्याच्या मागं कांडीवर सूत भरणाऱ्या बायका, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) भरून देणारा, माग बिघडला तर पाना घेऊन धावत येणारा, रंगवून सूत आणणारा, आणि या सगळ्यांना दिवसातून चार वेळा चहा देणारा असतो. वडगावात शेड बंद पडली की पहिल्या महिन्यात चहावाल्याची पिग्मी बंद. तिसऱ्या महिन्यात कांडीवाल्या बायकांची. वर्षानं कुठं कापडाच्या व्यापाऱ्याची कमी झालेली दिसायची, आणि तेव्हा लोक म्हणायचे, ‘बाजार पडला हो.’ बाजार वर्षापूर्वीच पडलेला असायचा.

उठतानाही तोच क्रम असतो. आधी छोट्या सेवा येतात, दुकान मागाहून येतं. हे कॅफेवाल्यांना पटत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

शहापूरचा खडे बाजार म्हणजे बस्त्याचा बाजार. खानापूरकडून, चंदगडकडून लग्नाघरची माणसं बस्ता बांधायला इथं येत आली आहेत, आजही येतात. (शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून या बाजाराची घडण वेगळी. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) आता हे कुटुंब डोळ्यांसमोर आणा: नवरीची आई, आत्या, मामी, एक म्हातारी, दोन पोरं आणि पैसे धरलेला एक पुरुष. सकाळची एसटी नाहीतर वडापची जीप धरून दहा-साडेदहाला उतरलेत. साड्या बघायला दोन तास. साड्या घेतल्या. पुढं काय?

साडीला फॉल-पिको त्याच गल्लीत होत नसेल तर पिशव्या उचलून ती माणसं चाललीच. गावातल्या बाईकडून फॉल लावून घेतील. दुकानदाराची विक्री झाली, तो खूष. गल्लीला काय मिळालं? काही नाही.

आता त्याच गल्लीत एक बाई मशीन टाकून बसली आहे आणि म्हणते, ‘वैनी, दोन तासांत देते.’ मग ही सात माणसं दोन तास गल्लीत अडकली. पोरांना भूक लागते. म्हातारीला टेकायला जागा लागते. मामीला आठवतं की मॅचिंगचा ब्लाऊज पीस राहिला, अस्तर राहिलं. पुरुष माणूस चप्पल बघून येतो. आत्या म्हणते, आलोच आहोत तर डबा भरून कुंदा घेऊ. फॉलवालीला मिळाले फॉलचे पैसे, पण त्या दोन तासांत गल्लीतल्या पाच जणांच्या गल्ल्यात काही ना काही पडलं. ती बाई आजारी पडून पंधरा दिवस मशीन बंद राहिलं, तेव्हा शेजारच्या खानावळीची दुपारची ताटं कमी झाली. खानावळवाल्या मामांना कारण कळेना. मला पुस्तकात दोन्ही नावं खालीवर दिसत होती म्हणून कळलं.

तेव्हापासून मी कुठल्याही दुकानाकडं बघताना एकच विचारतो: या दुकानामुळं गिऱ्हाईक गल्लीत किती वेळ थांबणार? किती खर्च करणार हे नंतर. फॉल-पिको, शिंपी, चप्पल-बॅग शिवणारा, घड्याळ-मिक्सर दुरुस्त करणारा, गोंडे बांधून देणारी, पिठाची गिरणी, फोटो लगेच काढून देणारा, या सगळ्यांचं काम ‘थांबा जरा’ म्हणण्याचं. मोबाइलवरून साडी घरपोच येते. फॉल लागेपर्यंतचे दोन तास मात्र घरपोच येत नाहीत.

आता तुमच्या कॅफेकडं येतो.

मी कर्ज विभागात असताना अशाच एका तरुणाची फाईल माझ्या टेबलावर आली. मुलगा चांगला, बाहेर नोकरी करून आलेला, जागा भाड्याची. प्रकल्प अहवाल झकास होता. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा इंटिरियरला: लाकडी छत, पिवळे दिवे, एसी, कॉफीचं मोठं मशीन. मी सही केली. चौदा महिन्यांत दुकान बंद झालं. मुलानं हप्ते फेडले, पण घरचं सोनं मोडून. चूक त्याची थोडी आणि माझी जास्त होती. मला पिग्मीची नऊ वर्षं आठवायला हवी होती. गल्लीतली माणसं त्या दाराशी येऊन आत बघायची आणि परत फिरायची. ‘आपलं नव्हे ते’ हे त्यांनी काचेवरूनच ठरवलं होतं. टिळकवाडीत, कॉलेज रोडला ते दुकान चाललं असतं. तिथं बसायला येणारी पोरं आहेत. शहापुरात बसायला येणारी आहे ती बस्त्याला आलेली म्हातारी.

तेव्हा चहा-उप्पीट द्या, दुपारी भात-आमटी द्या, बाकं ठेवा, पंखा ठेवा. कॉफी द्यायची तर द्या की, पण बेळगावकर कॉफीत दूध मागतो हे धरून चाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वच्छ संडास ठेवा. मी चेष्टा करत नाही. बस्त्याला आलेल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, का ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं तीन वाजले की त्यांना घरी जायची घाई होते, आणि पुरुषांना वाटतं एसटीची घाई आहे. जुन्या बाजारपेठेत बायकांना निर्धास्तपणे जाता येईल अशी जागा शोधून सापडत नाही. तुमचं स्वतःचं घर आहे, परसू आहे, पाण्याची सोय आहे. पन्नास हजार खर्च करायचे असतील तर पिवळ्या दिव्यांआधी तिथं करा. दोन हंगामांत गावोगावच्या बायका एकमेकींना तुमच्या दुकानाचा पत्ता सांगतील.

सोपा मोठा असेल तर सगळा स्वतःच्या दुकानाला घेऊ नका. एका बाजूला आठ बाय आठची जागा फॉल-पिको करणाऱ्या एका बाईला द्या. पहिली दोन वर्षं भाडं नाममात्र घ्या. हे दानधर्म म्हणून सांगत नाही. तिचं गिऱ्हाईक तुमच्या बाकावर बसणार आहे.

भाड्याचा विषय निघालाच आहे. भाड्याच्या जागेत दुकान टाकणाऱ्यांना माझा ठोकताळा असा: महिन्याचं भाडं तीन चांगल्या दिवसांच्या विक्रीतून निघालं पाहिजे. पाच दिवस लागत असतील तर कर्ज देताना माझा हात थांबायचा. तुम्हाला हा जाच नाही. जुन्या गल्ल्यांत पहिली पावलं घरमालकानंच टाकावीत असं मी म्हणतो ते म्हणूनच. भाडेकरू दुकानदारांनी गल्ली उठवली की दुसऱ्याच वर्षी मालकांना भाव आल्याचं कळतं, डिपॉझिट दुप्पट होतं आणि ज्यांच्यामुळं गर्दी आली ते छोटे आधी बाहेर जातात. त्यांच्या जागी मोबाइलचं शोरूम येतं. शोरूममध्ये कुणी दोन तास थांबत नाही.

जागेपायी बेळगावानं काय गमावलं हे बेळगावकराला सांगायला नको, तरी सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं ते इथंच. सायकली विकता विकता दुरुस्ती आली, मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. नांगर सुरुवातीला खपेना, शेतकऱ्याला वाटायचं लोखंडानं जमीन बिघडेल. तरी टिकले. मग नगरपालिकेला वस्ती वाढवायला ती जागा हवी झाली. औंधच्या राजांनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती सांगली भागात. आपल्याकडं किर्लोस्कर रोड राहिला. माणसात काही कमी नव्हतं, धंदाही चालत होता, फक्त पायाखालची जागा हलली. उद्यमबाग, मच्छे या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्र्या बघून ती कसर पुढं भरून निघाली असं कुणी म्हणेल. निघाली असेलही. पण उद्यमबागेत संध्याकाळी सातनंतर कुत्रं फिरत नाही. कारखान्यानं पगार येतो, गल्लीतला दिवा दुकानच लावतं.

कागदपत्रांचं पटकन उरकतो, पण एका ठिकाणी थांबणार आहे, कारण तिथं आपल्या भागातली माणसं हमखास फसतात.

महापालिकेचं ट्रेड लायसन्स लागेल, खाण्याचं काही विकणार म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी लागेल, सोप्यात दुकान काढलं की विजेचा मीटर घरगुती चालणार नाही, व्यापारी जोडणी घ्यावी लागेल. छोट्या धंद्यांची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. त्याला कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. पाटीवर साठ टक्के भाग कन्नडमध्ये हवा, तसा कायदा २०२४ मध्ये झाला आहे. पाटी रंगवतानाच तशी रंगवून घ्या, नंतर दुसऱ्यांदा खर्च नको. उरलेल्या जागेत मराठी सुबक अक्षरात लिहा. पेंटर चांगला धरा, फ्लेक्स नको.

आता जीएसटी. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवेला २० लाखांपर्यंत. खाणावळ सेवेत धरली जाते, म्हणजे तुमची मर्यादा २० लाखांची. हे सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसतं ते असं: ही ४० लाखांची सवलत राज्यातल्या विक्रीला आहे. चंदगडची बाई तुमच्या दुकानात आली, पैसे देऊन साडी घेऊन गेली, तर ती विक्री इथलीच. पण तिनं घरून व्हॉट्सअॅपवर फोटो बघून साडी मागवली आणि तुम्ही ती पार्सल केली, तर माल शिनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेला, म्हणजे परराज्यात गेला. तिथं पहिल्या साडीपासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तूंना यातून सूट आहे, यंत्रमागाच्या साडीला नाही. शिवाय एक टक्का भरून मोकळं होण्याची कंपोझिशन योजना घेतलेल्याला परराज्यात माल पाठवताच येत नाही. तासाभराच्या अंतरावरचं आपलं गिऱ्हाईक, आत्या-मामाचं गाव, पण कायद्यानं ते दुसरं राज्य. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या, तेव्हा कितीतरी जणांनी ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. पाटी लावून प्रश्न सुटत नाही. पहिल्या दिवसापासून वही ठेवा आणि पार्सलची विक्री वेगळ्या पानावर लिहा. दूध, भाजी असा करमुक्त माल विकत असाल तर त्याचंही पान वेगळं.

कर्जाचं म्हणाल तर तुम्हाला मोठं कर्ज लागू नये. पण ज्या बाईला जागा देणार तिच्यासाठी सांगतो: सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं, आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख, पाच टक्के व्याजानं. चांभारकाम बसतं, कुंभारकाम बसतं, सोनारकाम बसतं. अठरा व्यवसायांच्या त्या यादीत मागावर साडी विणणारा मात्र नाही. शहापूर-वडगावच्या माणसानं ही यादी वाचली की तो एकदा हसतो आणि मग गप्प बसतो. हातगाडी लावणाऱ्यांना स्वनिधी योजना आहे, पहिला टप्पा आता १५ हजारांचा झाला आहे. तुमच्या दारासमोर कुणी मिरची भजीचा गाडा लावला तर त्याला हाकलू नका, हा कागद दाखवा.

एक जोखीम सांगतो, ती तुमच्या हातातली नाही. सीमेचं काही निघालं की एसटी थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये थांबली, फेब्रुवारी २०२५ मध्येही थांबली. एसटी थांबली की खडे बाजारात महाराष्ट्राकडचं गिऱ्हाईक नाही. हंगामात असे आठ दिवस गेले की छोट्या दुकानदाराचा महिना गेला. म्हणून मी सगळ्यांना सांगत आलोय, एकाच दिशेच्या गिऱ्हाइकावर दुकान उभं करू नका. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडचं कन्नड बोलणारं गिऱ्हाईक तितकंच येतं आणि तितकीच घासाघीस करतं. बेळगावचा जुना दुकानदार दर मराठीत सांगतो, कन्नडमध्ये कमी करतो आणि हिंदीत ‘परवडत नाही’ म्हणतो. तुमचं कन्नड बारा वर्षांत गंजलं असेल. महिनाभर रोज संध्याकाळी भाजी मार्केटात जा, चकाचक होईल.

काउंटरला माल काय ठेवावा असं पुढं विचाराल. फार काही ठेवू नका. एक कपाट गोकाकचं करदंट आणि कुंदा या मिठायांचं, एक अथणी-निपाणीकडच्या चपलांचं. लोक कोल्हापुरी म्हणून मागतील, आणि ते चूकही नाही; २०१९ च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, त्यात बेळगाव आहे. कारागिराकडून थेट घ्या, रोखीनं घ्या. उधारीवर माल घेतला की दर त्याचा चालतो. आणि गिऱ्हाइकाला उधारी द्यायचीच असेल तर फक्त गल्लीतल्या माणसाला द्या. तो रोज दारावरून जातो, त्याला चुकवता येत नाही.

माझ्याकडं आलेल्यांपैकी बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं: गल्ली ‘बदलायची’ म्हणून ते एकटे आले. दुकान टाकण्याआधी आसपासच्या दहा दारांत जाऊन बसा. कोण किती वाजता उघडतं, किती वाजता बंद करतं ते विचारा. जुन्या गल्ल्यांत दुपारी दीड ते चार शटर खाली असतं, आणि लांबून आलेलं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच मोकळं असतं. लग्नाच्या हंगामात, म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर, त्यातली चार दुकानं आळीपाळीनं दुपारी उघडी ठेवायला तयार झाली, तर तुमचं निम्मं काम झालं असं समजा. तयार झाली नाहीत तर सहा महिने थांबा. पुण्याची नोकरी इतक्यात सोडू नका.

पुढच्या सुट्टीत या, तेव्हा तीन दिवस नुसते तुमच्या कट्ट्यावर बसा. एक सोमवार, एक शनिवार आणि एक मुहूर्ताच्या आधीचा दिवस. गल्लीत शिरणारी माणसं मोजा आणि ती किती वेळानं बाहेर पडतात ते लिहा. दहा-बारा मिनिटांत बाहेर पडत असतील तर कॅफेचं विसरा आणि आधी फॉलवाली शोधा. वडगावात कांडी भरणं बंद झाल्यावर शिलाईकडं वळलेल्या बऱ्याच जणी आहेत, घरातच बसून करतात, विचारलंत तर दोन दिवसांत नाव मिळेल. तिला जागा दाखवायला आणाल तेव्हा संध्याकाळी आणू नका, सकाळी दहाला आणा. शिलाईला डाव्या हातानं उजेड यावा लागतो. तुमच्या सोप्याची खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं बघून ठेवा.